समान हक्क आणि निराळी मात्रा



या व्याख्यानमालेत आजवर मी श्रोता म्हणून मागच्या रांगेत बसत आलो. यंदा चालकांनी मला पुढे उभे केले. विषय विचारताना त्यांची अशी समजूत होती की मी बोनस, महागाईभत्ता किंवा यंत्रमाग धंद्यातील मंदी यांवर बोलेन. मी म्हणालो, "मला फेफऱ्याच्या गोळीवर बोलायचे आहे." चालक क्षणभर चपापले, पण त्यांनी मला अडवले नाही, याबद्दल त्यांचे आभार.

मी डॉक्टर नाही. माझी शाळा सातवीत सुटली आणि मी मागावर उभा राहिलो. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन, पाळी सुटल्यावर झाले. तेव्हा माझे ऐकून कोणी आपल्या गोळ्या कमी-जास्त करू नयेत, ही पहिली विनंती. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका कामगाराचे ऋण माझ्या डोक्यावर आहे, आणि ते फेडता येत नाही म्हणून निदान उघड बोलून दाखवावे, एवढ्याचसाठी मी आलो आहे.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. आमच्या भागात एक माग चालवणारा होता. कामाला चोख, बोलायला कमी. त्याला फेफरे यायचे. एकदोनदा तो पाळीवरच पडला. लोकांनी चप्पल हुंगवली, कांदा फोडला, कोणी दातांत चमचा घातला. सगळे करू नये तेच केले. पुढे डॉक्टरांनी त्याला फेनिटॉइन नावाची गोळी दिली. शंभर मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज. झटके पुष्कळ कमी झाले, पण पुरते थांबले नाहीत. म्हणून तीनाच्या चार गोळ्या झाल्या. एक गोळी वाढली, एवढेच.

तीन आठवड्यांनी तो चालताना झोकांड्या देऊ लागला. जीभ जड झाली. धागा जोडताना हात चुकू लागला. जॉबर म्हणाला, "हा पिऊन येतो." दिवाणजीने मालकाच्या कानावर घातले आणि मालकाने त्याला काढून टाकले. त्याची बायको माझ्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, देवाशपथ सांगते, ते थेंबाला शिवत नाहीत." आणि मी, कामगारांचा कैवारी म्हणवणारा मी, तिला म्हणालो, "वहिनी, मी स्वतः त्याला झोकांड्या देताना पाहिले आहे. दारूड्याची बाजू घेतली तर उद्या खऱ्या प्रकरणात मालक आमचे ऐकणार नाही." युनियनच्या वहीत मी माझ्या हाताने नोंद केली : मद्यपान करून कामावर, बाजू घेण्यास नकार.

महिनाभराने त्याला मोठ्या शहरातील एका रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी त्याची बुबुळे पाहिली. ती बाजूला वळवताच लटलटत होती. त्यांनी रक्तातील औषध मोजायला सांगितले. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमागे साधारणपणे १० ते २० मायक्रोग्रॅम फेनिटॉइन असावे. याचे निघाले ३८. मी सोबत होतो. डॉक्टरांनी मला विचारले, "पिऊन येतो म्हणता, पण कोणी याच्या तोंडाचा वास तरी घेऊन पाहिला होता का?" बंधूंनो, कोणी पाहिला नव्हता. मीही नाही.

त्या दिवसापासून मी या गोळीच्या मागे लागलो.

प्रथम, फेफरे म्हणजे काय? अंगात येणे नव्हे, करणी नव्हे, वेडही नव्हे. आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींना विजेच्या सूक्ष्म धक्क्यांनी निरोप देतात. आपल्यापैकी पुष्कळांनी मागांची शेड ऐकली आहे. शंभर माग चालू असतात, पण प्रत्येकाचा ठोका वेगळ्या क्षणी पडतो. म्हणूनच भिंती उभ्या राहतात. तेच शंभर माग एकाच ठोक्याला आपटू लागले तर पाया हादरेल. फेफऱ्यात मेंदूच्या पेशींचे असेच होते. त्या एकाच वेळी, एकाच ठेक्यात, भलत्या वेगाने पेटू लागतात. कारणे अनेक आहेत : डोक्याला मार, जन्मतः गुदमरणे, पक्षाघात, आणि आपल्या देशात पट्टकृमीची अंडी अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या गाठी. पुष्कळदा कारण सापडतही नाही. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा विकार आहे, आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतील शंभरांपैकी सत्तर जण झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विकाराला धड औषध नव्हते. १८५७ साली ब्रोमाइड आले, १९१२ साली फिनोबार्बिटल. दोन्ही औषधे झटका आवरत, पण माणसालाही गुंगवत. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला गुंगी म्हणजे दुसरे संकटच. फेनिटॉइन हे द्रव्य हाइनरिख बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०८ सालीच तयार केले होते. पण त्याने झोप येत नाही म्हणून कोणी त्याला विचारले नाही. सुमारे तीस वर्षांनी अमेरिकेतील बॉस्टन शहरात ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला : झटका थांबवण्यासाठी माणसाला झोपवलेच पाहिजे का? त्यांनी मांजरांना विजेचा सौम्य धक्का देऊन एकामागून एक द्रव्ये तपासली, आणि १९३८ साली रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जागेपणी झटका आवरता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. जो गुण नाही म्हणून ते द्रव्य पडून राहिले होते, तो नसणे हाच त्याचा मोठा गुण ठरला.

आता ही गोळी करते काय? मला हे समजले ते कारखान्याच्या फाटकावरून. मेंदूतील पेशीच्या भिंतीला अतिसूक्ष्म फाटके असतात. पेशीबाहेर सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलाच एक भाग, दाटीने उभा असतो. इशारा मिळताच फाटक सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरते उघडते, सोडियमची गर्दी आत घुसते, आणि तोच विजेचा धक्का. लगेच फाटकाला आतून अडसर पडतो. तो अडसर निघेपर्यंत फाटक पुन्हा उघडत नाही. फेनिटॉइन नेमके त्या अडसर पडलेल्या फाटकात जाऊन बसते आणि अडसर निघायला उशीर लावते.

यातील खुबी पाहा. जी पेशी शांतपणे, मधूनमधून निरोप देते, तिच्या फाटकाला उशीर झाला तरी बिघडत नाही. पुढचा इशारा येईपर्यंत अडसर निघालेला असतो. पण जी पेशी झटक्याच्या भरात सेकंदाला शंभर-शंभर वेळा उघडू पाहते, तिला हा उशीर आडवा येतो. नेहमीच्या ये-जा करणाऱ्याला पहारेकरी हटकत नाही. धावत येणाऱ्या घोळक्यालाच अडवतो. म्हणून माणूस जागा राहतो आणि झटका थोपतो. मात्र औषध रक्तात फार साचले की शहाण्या पेशींनाही ते अडवू लागते. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवर त्याचा अंमल पडतो. आधी बुबुळे लटलटतात, मग पाय अडखळतात, जीभ जड होते, पुढे मन मंद होते. बघणाऱ्याला वाटते, दारू.

पण एकाच गोळीने एवढे का साचावे? हा प्रश्न मला पगाराच्या खिडकीवर सुटला. पोटात गेलेले फेनिटॉइन यकृतात मोडले जाते. ते मोडणारा मुख्य कारकून म्हणजे एक विकर; शास्त्रज्ञ त्याला सीवायपी२सी९ म्हणतात. समजा, खिडकीवरचा कारकून तासाला चाळीस माणसांचा पगार करू शकतो. तासाला तीस माणसे आली तर रांग लागत नाही. एकोणचाळीस आली तर थोडी लागते. आणि बेचाळीस आली तर? प्रत्येक तासाला दोन माणसे उरतात आणि रांग वाढतच जाते. पुष्कळ औषधांत मात्रा सव्वापट केली की रक्तातील प्रमाणही सव्वापट होते. फेनिटॉइनचे तसे नाही. कारकुनाच्या ताकदीच्या काठावर उभे असताना एकच गोळी वाढवली, तर रक्तातील औषध दुप्पट-तिप्पट होऊ शकते. आणि तेही लगेच नव्हे, हळूहळू, आठवड्यांनी. आमच्या माणसाच्या बाबतीत तीनाची चार झाली आणि तिसऱ्या आठवड्यात तो लटपटला, ते असे.

यात आनुवंशिकता कोठे येते? कारकून प्रत्येकाच्या खिडकीत एकसारखा नसतो. हे विकर कसे घडवायचे याची लेखी आज्ञा दहाव्या रंगसूत्रावर असते, आणि तिच्या दोन प्रती असतात : एक आईकडून आलेली, एक बापाकडून. हे विकर म्हणजे ४९० मण्यांची माळ आहे. काहींच्या आज्ञेत एका अक्षराचा फरक असतो, आणि ३५९ वा मणी आयसोल्यूसिनऐवजी ल्यूसिनचा पडतो. ४९० मण्यांत एकच मणी वेगळा, तोही जवळजवळ तसाच दिसणारा. पण कारकुनाचा हात मंदावतो. या प्रकाराला तारा-तीन असे नाव आहे. ज्याची एक प्रत अशी, त्याचा एक कारकून चपळ आणि एक मंद. ज्याच्या दोन्ही अशा, त्याच्या खिडकीवर दोघेही मंद. आपल्या उपखंडात शंभर प्रतींमागे सुमारे दहा प्रती या प्रकारच्या आढळतात. म्हणजे साधारण पाच माणसांत एकाजवळ निदान एक मंद प्रत असते, आणि शंभरात एखाद्याच्या दोन्ही प्रती मंद असतात. हे आपल्या सभागृहाच्या हिशेबाने मोजा. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

ही शंका पूर्वीच आली होती. १९६४ साली न्यूयॉर्कचे कुट आणि त्यांचे सहकारी यांनी एक रुग्ण पाहिला, ज्याला नेहमीच्या मात्रेनेच विषबाधा झाली; आणि त्याच्या घरातल्या माणसांतही औषध मोडण्याची तीच मंदता सापडली. त्याच संशोधकांनी पुढे दाखवले की क्षयावरचे आयसोनियाझिड सोबत चालू असेल तर फेनिटॉइन मोडण्यात अडथळा येतो, आणि ज्यांचे शरीर आयसोनियाझिड जन्मतःच सावकाश मोडते त्यांना त्रास अधिक होतो. क्षय आणि फेफरे दोन्ही असलेला कामगार माझ्या पाहण्यात एक नाही, चार आहेत. दोन दवाखान्यांत दोन कागद; आणि दोन्ही कागद एकत्र पाहणारा कोणी नाही.

आज औषधे व जनुके यांचा मेळ घालणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, सीपिकने, फेनिटॉइनसाठी मार्गदर्शन दिले आहे. ते २०१४ साली निघाले आणि २०२० साली सुधारले. एक तारा-तीन प्रत असेल तर रोजची मात्रा सुमारे पाव भागाने कमी धरून सुरुवात करावी, दोन्ही प्रती मंद असतील तर सुमारे निम्मी धरावी, आणि मग रक्त तपासून ठरवावे, असा त्याचा आशय आहे.

दुसरा धोका याहून भयंकर आहे. कार्बामाझेपिन हे फेफऱ्यावरचे दुसरे नावाजलेले औषध. तेही त्याच सोडियमच्या फाटकावर काम करते. क्वचित एखाद्याला ते घेतल्यावर काही आठवड्यांत ताप येतो, तोंड आणि डोळे सोलवटतात, अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटते. यात माणूस दगावतो. असे एखाद्यालाच का? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एक बिल्ला असतो. तो पाहून शरीराचे पहारेकरी आपला कोण आणि परका कोण हे ओळखतात. या बिल्ल्यांचेही वारसाने आलेले अनेक प्रकार आहेत. त्यांतील एचएलए-बी १५:०२ या प्रकारात कार्बामाझेपिन अडकून बसू शकते, आणि पहारेकरी घरच्याच पेशींवर तुटून पडतात. २००४ साली तैवानात हान चिनी रुग्ण तपासले. कातडी सुटलेल्या ४४ जणांपैकी ४४ जणांत हा बिल्ला होता. औषध सोसलेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांजवळ होता. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, आशियाई वंशाच्या रुग्णांत औषध देण्याआधी हा बिल्ला तपासावा, असा इशारा दिला. तैवानात २३ रुग्णालयांनी मिळून ४,८७७ जण आधी तपासले. ज्यांच्यात तो सापडला त्यांना हे औषध टाळण्यास सांगितले. पूर्वीच्या अनुभवावरून सुमारे दहा जणांवर ही आपत्ती यायला हवी होती. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला : एकावरही आली नाही. हा बिल्ला भारतातही आढळतो, आणि फेनिटॉइनशीही त्याचा काही संबंध आहे. शिवाय २०१४ साली असे दिसून आले की तारा-तीन असणाऱ्यांत फेनिटॉइनने कातडीचा असाच विकार होण्याचा धोका वाढतो. म्हणजे नवी गोळी सुरू झाल्यावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

येथे एक सावधगिरी. वंश, जात, प्रांत यांवरून कोणाच्या अंगात काय आहे ते ठरत नाही. आकडे समूहाचे असतात; गोळी एकेक माणूस घेतो. एकाच आईच्या दोन लेकरांत एकाला चपळ प्रत मिळते आणि दुसऱ्याला मंद. तेव्हा 'अमक्यांना हे औषध चालत नाही' अशी नवी अस्पृश्यता कोणी निर्माण करू नये. तपासायचे ते माणसाला, त्याच्या आडनावाला नव्हे. तसेच सारा दोष वारशावर टाकू नये. १९६८ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइन घेणाऱ्या अनेकांना एकाएकी विषबाधा होऊ लागली. मात्रा तीच, माणसे तीच. शोधाअंती कळले की कॅप्सूलमधील भरणद्रव्य कॅल्शियम सल्फेटऐवजी दुग्धशर्करा केले होते. त्यामुळे औषध अधिक शोषले जाऊ लागले. म्हणून फेफऱ्याच्या रुग्णाने आपली गोळी डॉक्टरांना न सांगता एका बनावटीवरून दुसरीवर नेऊ नये.

बंधूंनो, आयुष्यभर मी 'समान काम, समान दाम' अशी घोषणा देत आलो. ती घोषणा खरी आहे आणि मी ती देत राहणार. पण त्या घोषणेच्या सवयीने मला वाटू लागले होते की सर्वांना सारखे देणे म्हणजेच न्याय. या गोळीने माझे डोळे उघडले. दाम समान असले पाहिजे. मात्रा समान असून चालत नाही. सर्वांना चार गोळ्या देणे ही समता नव्हे. ते न मोजता वाटणे आहे. समता ही की प्रत्येकाचे रक्त मोजण्याची सोय सारखी असावी, श्रीमंताचे मोजले जाते तसे माग चालवणाऱ्याचेही मोजले जावे.

म्हणून माझ्या मागण्या लहान आहेत. फेनिटॉइन घेणाऱ्याची मात्रा बदलली की काही आठवड्यांनी रक्तातील प्रमाण पाहण्याची सोय कामगारांच्या दवाखान्यांत असावी. जनुकाची तपासणी मिळेल तेथे ती जरूर व्हावी, पण ती मिळत नाही म्हणून ही साधी तपासणी राहू नये. डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. गोळी मनाने एकदम बंद करू नये. त्याने झटक्यांवर झटके येऊन जीव जाऊ शकतो. कोणी पडला तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि झटका पाच मिनिटांहून लांबला तर रुग्णालय गाठावे. आणि शेवटची मागणी माझ्यासारख्यांसाठी : कामावर झोकांड्या देणाऱ्या माणसाला दारूड्या म्हणण्याआधी, तुला काही औषध चालू आहे का, एवढे विचारावे. कायदासुद्धा सुधारतो. हिंदू विवाह कायद्यात फेफऱ्याचे वारंवार येणारे झटके लग्नाला बाध मानले जात. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. समाजाने कायद्याच्या मागे राहू नये.

तुम्ही विचाराल, त्या माणसाचे काय झाले? मात्रा कमी केली आणि पंधरवड्यात तो सरळ चालू लागला. त्याच्या जनुकांची तपासणी कधी झाली नाही, म्हणून त्याचे कारकून मंद होते असे मी म्हणणार नाही. रक्ताचा कागद घेऊन मी मालकाकडे गेलो. मालक म्हणाले, "त्याचे माग दुसऱ्याला दिले. शिवाय तुमच्या युनियननेच तेव्हा नकार दिला होता ना?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझेच अक्षर माझ्याविरुद्ध साक्ष देत होते. तो पुढे निम्म्या मजुरीवर घरी कांड्या भरू लागला. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, तुम्हाला तरी काय ठाऊक होते?" त्याची बायको मात्र काही बोलली नाही. तिने पाणी आणून ठेवले आणि ती आत गेली.

त्याला ठाऊक नव्हते, मला ठाऊक नव्हते, हे खरे. पण विचारता आले असते. वहीतले ते पान मी फाडलेले नाही. त्याखाली एवढेच लिहिले आहे : वरील नोंद चुकीची, रक्त तपासले, दारू नव्हती, औषध होते. आमच्या युनियनमध्ये नवा कार्यकर्ता आला की त्याला मी पहिल्यांदा ते पान वाचायला देतो.